कलम चौदा आणि गोंदणातली पाकोळी

हेडक्लार्कांच्या हातून आजवर पुष्कळ नियम लिहून झाले होते. सायकली कुठं लावाव्यात याचे, पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर पेला उपडा ठेवावा की उताणा याचे, रजेवर गेलेल्या माणसाच्या खुर्चीत कोणी बसावं आणि बसल्यास किती मागे रेलावं याचे. पण अंगावर गोंदवलेला पक्षी जिवंत होऊन उडाला, तर त्यानं काय करावं आणि काय करू नये, याचे नियम लिहायची पाळी त्यांच्यावर वयाच्या पन्नासाव्या वर्षी आली. हातात दिवस होते बारा, आणि या विषयावरचा आधीचा एकही दाखला दप्तरात नव्हता.

झालं होतं असं, की मंगळवारी ऑफिसच्या टपालात त्यांच्या नावे एक पाकीट आलं. त्यांना ऑफिसच्या पत्त्यावर खासगी पत्र कधी येत नसे, आणि येणं त्यांना आवडलंही नसतं. म्हणून त्यांनी ते आधी आवक नोंदवहीत चढवलं, त्याला क्रमांक दिला आणि मगच फोडलं. आत चार ओळी होत्या.

‘कलम्या, एका सरकारी पत्राखाली तुझी सही दिसली. एकोणीस तारखेला, रविवारी, तुझ्या गावात मला गाडी बदलायची आहे. मधे चार तास मोकळे आहेत. घरचा पत्ता कळव, बाराला येतो. वही अजून आहे का? माझा चोर चौतीस वर्षं त्या गुहेत बसलाय. त्याचं काहीतरी करू या. – खिशा.’

‘कलम्या’ हा शब्द वाचताच हेडक्लार्कांनी चपापून आजूबाजूला पाहिलं. शाळेत असताना त्यांना बोलताना कलमं पाडायची सवय होती. ‘एक, मी आलो नव्हतो. दोन, आलो असतो तरी तू घरी नव्हतास.’ त्यावरून हे नाव पडलं, आणि ते नाव घेणारा माणूस जगात एकच उरला होता. त्या माणसाचे खिसे सदानकदा फुगलेले. सुतळी, पेन्सिलींचे तुकडे, वाकडे खिळे, फासे. म्हणून तो खिशा. हेडक्लार्कांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. समोर उभ्या असलेल्या शिपायाला वाटलं, साहेबांच्या घरी काहीतरी झालं. एका अर्थी झालंच होतं.

तो जुना खेळ काय होता, हे इथं सांगून टाकलं पाहिजे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार. तो सांगणार, ‘तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आत कुणीतरी घोरतंय.’ बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार, आणि फाशाचं म्हणणं नेमकं काय, हे नियमांचं पुस्तक ठरवणार. हेडक्लार्क सूत्रधार होते आणि खेळाची वहीही त्यांच्याचकडे असे, हे सांगायला नकोच. खिशा चोर होता. हेडक्लार्कांची धाकटी बहीण तेव्हा बारा वर्षांची होती, ती चेटकीण झाली होती आणि ते पात्र तिला फारसा अभिनय न करता जमत असे.

दर रविवारी दुपारी खिशाच्या घरी, मागच्या खोलीत, दोन ट्रंकांवर एक जुनं दार आडवं टाकून हा डाव रंगायचा. खिशाच्या वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे त्या घरातल्या ट्रंका कधी पुरत्या रिकाम्या होतच नसत. वीस बाजूंचा फासा दुकानात मिळाला नव्हता. तो खिशानं फायलीच्या पुठ्ठ्याचे त्रिकोण कापून, खळीनं चिकटवून बनवला होता. एका बाजूला खळ जास्त झाल्यामुळे त्यावर पाचातून तीन वेळा तेराच पडायचे. नियमांचं पुस्तक म्हणजे फोटोकॉपीची फोटोकॉपी. त्यातली एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस ही पानं आधीच गायब होती. आणि सगळा घोळ झाला तो त्या आठ पानांपायी.

चोर गुहेत अडकला होता. दार बंद, किल्ली दाराबाहेर खुंटीला. चोराच्या हातावर एक पाकोळी गोंदवलेली होती, जादूची. खिशा म्हणाला, ‘माझी पाकोळी उडते.’ सूत्रधारानं अनुक्रमणिका पाहिली. ‘जादूचं गोंदण, पृष्ठ त्रेचाळीस.’ पान त्रेचाळीस जागेवर नव्हतं. सोळा वर्षांच्या सूत्रधारानं मान वर न करता निकाल दिला, ‘पान नाही म्हणजे नियम नाही. नियमात बसत नाही. पाकोळी उडणार नाही.’

खिशानं वहीतल्या चोराकडे एकदा पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाला, फासा उचलून खिशात टाकला आणि बाहेर गेला. पुढच्या रविवारी हे दोघं बहीणभाऊ गेले तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, बदली झाली, बुधवारीच गेले. पत्ता कुणाकडेच नव्हता. त्यानंतर हेडक्लार्कांनी नोकरीत ‘नियमात बसत नाही’ हा शेरा हजारो कागदांवर मारला, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते पहिल्या शेऱ्याचं. आपला एकुलता एक मित्र आपल्यावर रागावून, न सांगता निघून गेला, असं ते चौतीस वर्षं धरून चालले होते, आणि याबद्दल एका शब्दानं ते कधी कुणाशी बोलले नव्हते.

आता चूक दुरुस्त करायची होती. कुणी म्हणेल, मग एवढं काय, ‘जा बाबा, उडाली तुझी पाकोळी’ म्हणून मोकळं व्हावं. पण ती सवलत झाली असती. हेडक्लार्कांना खिशाला सवलत द्यायची नव्हती, त्याचा हक्क द्यायचा होता. आणि हक्क म्हटला की आधी नियम हवा. गहाळ झालेली आठ पानं त्यांनी स्वतः लिहायची ठरवली.

पहिल्याच दिवशी घरात प्रश्न आला. बायकोनं चहाचा कप ठेवता ठेवता कागदावर नजर टाकली.

“अहो, हे ‘धारकाच्या कातडीवरील श्वापद’ म्हणजे काय?”

“टॅटू. जादूचा. तो जिवंत होतो.”

“वाघाचा असला तर?”

“तर वाघ होतो.”

“आणि मग रात्री तो झोपणार कुठं? अंगावरच ना? मग कूस कशी बदलायची माणसानं?”

हेडक्लार्क हसले नाहीत. त्यांनी लगेच कलम तीन लिहिलं : ‘धारक निद्रिस्त असताना गोंदणही निद्रिस्त समजले जाईल.’ बायको आत जाऊन बराच वेळ एकटीच हसत होती, ते त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

समोरच्या दारात चित्रकलेच्या बाई राहत. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण दिसेल त्या माणसाची चूक सुधारायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. त्या म्हणाल्या, “पक्षी कातडीवर असतो तेव्हा सपाट असतो. उडाला की त्याला पाठ लागणार, पोट लागणार. ते पोट तुम्ही कुठून आणणार? आधी तेवढं ठरवा.” हे बिनतोड होतं. खाली लाँड्री होती. लाँड्रीवाल्यांचं म्हणणं वेगळंच होतं : “साहेब, माणूस वाळला तर कापड आटतं तसा पक्षी आटणार. आटलेल्या पक्ष्याला तुम्ही पूर्ण पक्षी धरणार का?” दंतवैद्य झालेली धाकटी बहीण दवाखान्यातून फोनवर म्हणाली, “दादा, गोंदवताना दुखतं, ते विसरू नकोस. दुखण्याचा एक गुण कापायला हवा. हां, तोंड उघडं ठेवा, तुम्हाला नाही बोलले.” पोटाला कलम पाच, आटण्याला कलम सहा, दुखण्याला कलम सात. गुरुवारपर्यंत मसुदा बारा कलमांचा झाला आणि हेडक्लार्कांना इतकं ताजंतवानं वाटलं की ते दाढी करताना शीळ घालू लागले.

आणि इथंच तीस वर्षांच्या नोकरीनं दगा दिला. मसुदा घरी लिहिलेला, कागद घरचा, शाई घरची. ऑफिसची टाचणीसुद्धा त्यांनी वापरली नव्हती. पण शेवटचं कलम संपलं, तेव्हा हात आपोआप खाली उतरला आणि त्यानं डाव्या कोपऱ्यात नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मंजुरीस्तव सादर’. खाली लघुस्वाक्षरी, तारीख. डोक्याला याचा पत्ताच नव्हता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत पुन्हा एकदा वाचावा म्हणून त्यांनी मसुदा टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले. ‘मंजुरीस्तव सादर’ लिहिलेला कागद टेबलावर दिसला की तो फायलीत घालून वरच्या साहेबांकडे पोचवायचा, ही शिस्त शिपायाला कोणी लावली होती, तर हेडक्लार्कांनीच.

ते परत आले तेव्हा फाईल वर गेली होती. मागे घ्यायची सोय होती, पण त्यासाठी कारण नमूद करून अर्ज द्यावा लागला असता, आणि कारण काय नमूद करणार? संध्याकाळी फाईल खाली आली. साहेबांना कागद वाचायची सवय नव्हती, पुढं ढकलायची होती. शेरा होता : ‘विधी शाखेचे अभिप्राय घ्यावेत.’ हेडक्लार्कांनी कपाळाला हात लावला. मग तोच हात खाली घेऊन त्यांनी फाईल विधी शाखेकडे पाठवली, कारण शेरा तो शेरा.

रविवारी सकाळी वेगळी अडचण उभी राहिली. खेळात एक फेरी म्हणजे दहा मिनिटं. गोंदण काढायला किती फेऱ्या धरायच्या? हेडक्लार्क पडताळून न पाहता काही लिहिणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी स्वतःच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, पाकोळी काढून वेळ मोजायची ठरवलं. बॉलपेन कातडीवरून घसरायला लागलं. तेव्हा ते खाली गेले आणि लाँड्रीवाल्यांकडे कपड्यांवर खूण करायची शाई मागितली.

“ही शाई कशी आहे?” त्यांनी रीतसर विचारलं.

“साहेब, वीस वर्षं वापरतोय. आजवर एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही.”

हे अक्षरशः खरं होतं. खूण धुऊन जात नाही, अशी तक्रार लाँड्रीत कोण करणार? ती जाऊ नये म्हणून तर ती शाई. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांतल्या पळवाटा शोधणाऱ्या हेडक्लार्कांना एवढी साधी पळवाट दिसली नाही. ते बाटली घेऊन आनंदानं वर आले.

पहिला प्रयत्न त्यांनी स्वतः केला. चित्रकलेच्या बाई दारातून पाहत होत्या. त्यांना राहवेना.

“ही काय चप्पल आहे?”

“पाकोळी आहे.”

“द्या इकडे. हात सरळ. हलायचं नाही. तुम्हाला शाळेत चित्रकलेला कोण होतं हो?”

चपलेच्या रेषांवरूनच त्यांनी पाकोळी काढली. कोयत्यासारखे पंख, दुभंगलेली शेपटी, आणि डोळ्यात असा काही भाव, की आता निघालेच. घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. ‘दोन फेऱ्या’ अशी नोंद हेडक्लार्कांनी केली, बाईंचे आभार मानले आणि हात धुवायला मोरीत गेले.

ते तासाभरानं बाहेर आले. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, खरखरीत दगड झाला. दुपारी धाकटी बहीण दात चकचकीत करायचं मलम घेऊन आली, तेही झालं. हात लालबुंद झाला आणि पाकोळी जास्तच झळकायला लागली. बायकोनं लांबून पाहिलं आणि म्हणाली, “छान दिसतेय हो. पण पन्नाशीचा मुहूर्त कशाला शोधलात? आधी सांगितलं असतंत तर मीही काढून घेतलं असतं.” लाँड्रीवाले जिन्यात भेटले, तेव्हा त्यांनी घाबरून कबूल केलं की कापड फाटतं, पण खूण जात नाही. कातडीचा अनुभव त्यांना नव्हता.

सोमवारपासून हेडक्लार्क लांब बाह्यांचा सदरा घालून, मनगटापर्यंत बटणं लावून जाऊ लागले. उकाडा मरणाचा होता. ऑफिसात दबक्या आवाजात चर्चा सुरू झाली की साहेबांना त्वचेचं काहीतरी झालंय. मंगळवारी ते सह्यांची चळत घेऊन वरच्या साहेबांसमोर उभे असताना बाहीचं बटण टेबलाच्या कडेला अडकलं, तुटलं आणि टपकन कागदांवर पडून खाली घरंगळलं. बाही वर सरकली. साहेबांनी सही करायचं थांबून पाकोळीकडे पाहिलं. पाकोळीनंही त्यांच्याकडे पाहिलं.

“हे काय?”

“पाकोळी, सर.”

“आपलं एक परिपत्रक आहे ना? अंगावरच्या चित्रांबद्दल?”

होतं. नऊ वर्षांपूर्वीचं. ‘कर्मचाऱ्यांनी दर्शनी भागावर कोणतेही चित्र, आकृती वा प्राणी धारण करून कार्यालयात येऊ नये.’ ‘वा प्राणी’ हे शब्द खास आग्रहानं घालून घेणारा माणूस आत्ता बटण शोधत टेबलाखाली वाकला होता. आस्थापनेचं काम हेडक्लार्कांकडेच असल्यामुळे ज्ञापन, म्हणजे मेमो, काढायचं त्यांनीच. त्यांनी स्वतःला ज्ञापन दिलं, तारखेसह पोच घेतली, खुलाशासाठी नियमानुसार दोन दिवसांची मुदत दिली, मुदत संपताना खुलासा सादर केला, तो वाचला, समाधानकारक वाटला नाही, आणि स्वतःला सक्त ताकीद दिली. हे सगळं करताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. फक्त ताकिदीच्या पत्रावर पोच देताना पेन जरा जास्त दाबलं गेलं.

या धामधुमीत बुधवारी विधी शाखेकडून फाईल परत आली. एरवी ती शाखा साध्या कुंपणाच्या वादाला आठ महिने घेई. या फायलीला पाचच दिवस लागले होते. सोबत अकरा शंका होत्या, आणि हेडक्लार्क त्या वाचत गेले तसतसे खुर्चीत ताठ होत गेले. ‘पक्षी उडून गेल्यावर रिकाम्या झालेल्या कातडीवर दुसरे गोंदण काढता येईल काय?’ ‘पक्ष्याने बाहेर अंडे घातल्यास त्यावर हक्क धारकाचा की पक्ष्याचा?’ ‘धारक मृत झाल्यास उडालेल्या पक्ष्यास त्याची सूचना कोण देईल?’ विधी शाखेत इतक्या वर्षांत असा विचार करणारं कोणी आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. शेवटची शंका : ‘पक्षी परत न आल्यास काय?’

हा प्रश्न त्यांना सुचायला हवा होता, आणि सुचला नव्हता. त्यांनी ऑफिस सुटल्यावर घरी बसून सगळ्या शंकांना उत्तरं लिहिली. अंड्याला कलम तेरा. आणि परत न येण्याला कलम चौदा : ‘उडालेला पक्षी एका तासाच्या आत मूळ कातडीवर परत येईल. तसे न झाल्यास सदर गोंदण आपोआप रद्द झाले असे समजले जाईल.’ हे त्यांना सगळ्यांत आवडलं. किती आटोपशीर, कुठं बोट ठेवायला जागा नाही. त्यांनी ते बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बिचारी. तासाभरात जाऊन यायचं म्हणजे बाजारहाटच की.”

गुरुवारी फाईल रीतसर पुन्हा वर गेली, आणि शुक्रवारी तिच्यावर ‘मंजूर’ असा शेरा पडला. साहेबांनी तो मसुदा न वाचताच मारला, हे उघड होतं. पण मंजूर ते मंजूर.

रविवारी बरोबर बारा वाजता दारावरची घंटा वाजली. हेडक्लार्क सकाळपासून तिसऱ्यांदा टेबल पुसत होते. दारात एक टक्कल पडलेला, जाडसर गृहस्थ उभा होता. चेहरा ओळखू येईना. मग हेडक्लार्कांची नजर खाली गेली. चारही खिसे फुगलेले होते.

“कलम्या,” तो म्हणाला, “तुझे केस कसे काय राहिले रे?”

हेडक्लार्कांनी पाठ केलेलं स्वागताचं वाक्य बाजूलाच राहिलं. त्यांनी नुसता त्याचा दंड धरला आणि त्याला आत घेतलं. धाकटी बहीण आधीच येऊन बसली होती. तिनं खिशाला पाहिलं, उठून त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि म्हणाली, “वरचा डावा सुळा खराब झालाय तुझा. उपचार घे.” मग तिचे डोळे भरून आले आणि ती पाणी आणायला आत पळाली.

जेवणं झाली. जुनी वही निघाली. तिच्या मधल्या पानावर गुहेचा नकाशा होता, आणि एका कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला एवढासा चोर. खिशानं उजव्या खिशातून एक रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत पुठ्ठ्याचा फासा. कडा चिकटपट्टीनं बांधलेल्या, आकडे पुन्हा पुन्हा गिरवलेले. हेडक्लार्कांनी तो तळहातावर घेतला. जुन्या खळीचा वास अजून येत होता. चार तासांतला दीड तास आधीच संपला होता, म्हणून त्यांनी घसा खाकरून फाईल उघडली आणि सगळी चौदा कलमं खणखणीत आवाजात वाचली. खिशानं मधे एकदाही तोंड उघडलं नाही. अंड्याच्या कलमाला तेवढी त्यानं मान डोलावली.

“आता बोल,” हेडक्लार्क म्हणाले. “चोर गुहेत आहे. काय करतोस?”

“माझी पाकोळी उडते,” खिशा म्हणाला.

“कलम आठ. फासा टाक. बारा किंवा जास्त पडले पाहिजेत.”

बाराच का, हे कुणी विचारलं नाही. खिशानं फासा टाकला. तो वहीवरून घरंगळला, नेहमीच्या बाजूला कलला आणि थांबला. तेरा. सक्त ताकीद मिळालेल्या या सरळमार्गी माणसानं आयुष्यात एकच लबाडी केली होती, आणि तीही नियमात बसवून.

“उडाली!” हेडक्लार्क उभे राहिले. “फटीतून बाहेर गेली. खुंटीवरची किल्ली चोचीत धरली. आणि कलम चौदाप्रमाणे एका तासाच्या आत परत. किल्ली तुझ्या हातात! खिशा, तू सुटलास!”

खिशा त्यांच्याकडे पाहत राहिला.

“किल्ली? मला किल्ली कुठं हवी होती?”

“मग?”

खिशानं फासा उचलला आणि बोटांत फिरवत बसला. “त्याच्या आदल्या दिवशीच बाबांच्या बदलीचा कागद आला होता. बुधवारी निघायचं. मला तुम्हाला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटेना. म्हणून मी ठरवलं होतं, चोर आत राहिला तर राहू दे. पाकोळी उडवायची, आणि ती तुमच्याकडे येऊन राहील असं सांगायचं. परत नाही यायची. मग तुम्ही विचारलंच असतं, का रे, असं काय? आणि मी सांगितलं असतं. पण मी एवढंच म्हणालो, पाकोळी उडते. आणि तू म्हणालास...”

“नियमात बसत नाही,” हेडक्लार्क म्हणाले.

“हं.”

“म्हणजे तू रागावला नव्हतास?”

“रागावलो नव्हतो रे. मला रडू येत होतं. सोळा वर्षांचा घोडा, तुझ्या बहिणीसमोर रडणार कसा? म्हणून फासा घेऊन पळालो. नंतर वाटायचं, न सांगता गेलो, तूच रागावला असशील. म्हणून पत्र नाही टाकलं.”

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला. हेडक्लार्क खाली बसले. समोर कलम चौदा होतं, लाल शाईनं मंजूर केलेलं. ‘मूळ कातडीवर परत येईल.’ चौतीस वर्षांनी पुन्हा त्यांनी त्या पाकोळीची वाट अडवली होती, आणि या वेळी वरिष्ठांच्या सहीनिशी. त्यांना स्वतःची इतकी लाज ताकीद मिळाली तेव्हाही वाटली नव्हती.

“दादा, त्याच्यावर साहेबांची मंजुरी आहे,” धाकटी हळूच म्हणाली. ती त्यांना ओळखून होती.

हेडक्लार्कांनी पेनाचं टोपण काढलं. महत्त्वाच्या कागदावर लिहिण्याआधी बाह्या दुमडायच्या, ही त्यांची सवय. त्यांनी डावी बाही दोन घड्या वर घेतली, हात कागदावर टेकवला, आणि कलम चौदावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढली. दुरुस्तीचा प्रस्ताव नाही, लघुस्वाक्षरी नाही, तारीखही नाही.

रेघ पुरी झाली तरी खिशा कागदाकडे पाहत नव्हता. तो त्यांच्या हाताकडे पाहत होता. तिथं, लालसर पडलेल्या कातडीवर, ती बसली होती. पंख कोयत्यासारखे, शेपटी दुभंगलेली, आणि डोळ्यात तो भाव.

हेडक्लार्कांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांचा उजवा हात बाही खाली ओढायला गेला, आणि मधेच थांबला.

“ही कधी आली?” खिशानं विचारलं.

लाँड्री, शाई, बाई, चप्पल, रॉकेल, परिपत्रक, सांगण्यासारखं खूप होतं. हेडक्लार्क म्हणाले, “आठवडा झाला. जात नाही.”

खिशानं एक बोट पुढं केलं आणि पाकोळीच्या पाठीवरून अलगद फिरवलं. मग तो सबंध चेहरा भरून हसला, आणि एवढा टकला माणूस सोळा वर्षांचा दिसायला लागला.

“पोचली की रे,” तो म्हणाला.

गाडी सव्वाचारची होती. वही खिशानं नेली, फासा त्यानं टेबलावर ठेवला. पुढच्या खेपेला आणून द्यायचं नि घेऊन जायचं, असं ठरलं. त्याला कुठलंही कलम लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्क ऑफिसला निघाले, तेव्हा लाँड्रीवाले दुकानाच्या पायरीवर ओशाळवाणे उभे होते. गेला आठवडाभर ते साहेबांची नजर चुकवत होते. आज मात्र त्यांची नजर थेट साहेबांच्या हातावर गेली, कारण उकाड्यामुळे असेल, किंवा कशामुळे असेल, साहेबांनी अर्ध्या बाह्यांचा सदरा घातला होता.

“साहेब,” ते चाचरत म्हणाले, “शाई गेली नाही ना अजून?”

“नाही,” हेडक्लार्क म्हणाले, आणि थोडं पुढं जाऊन मागं वळले. “माझीही तक्रार नाही.”